पहिली ओळ विकत घेतलेली असते: सॉफ्टवेअर डाउनलोड करताना खोट्या जाहिराती कशा टाळायच्या

माझा मावसभाऊ साताऱ्यात दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. गेल्या मे महिन्यात त्याला त्रिकोणमितीचे धडे रेकॉर्ड करून ठेवायचे होते. कुणीतरी सांगितलं, स्क्रीन रेकॉर्ड करायला ओबीएस घे, फुकट आहे आणि चांगलं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या. त्याने सर्चमध्ये ‘ओबीएस डाउनलोड’ टाकलं, सगळ्यात वरच्या ओळीवर क्लिक केलं, झिप उतरवली आणि आतली फाइल चालवली. काळी खिडकी क्षणभर चमकून गेली. पुढे काहीच झालं नाही. लॅपटॉप जुना आहे, झेपत नसेल, असं म्हणून त्याने नाद सोडून दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातलाच मुलांचे फोन. ‘सर, तुमच्या चॅनलवर हे काय चाललंय?’ चॅनलचं नाव बदललेलं, सगळे जुने व्हिडिओ गायब आणि क्रिप्टोकरन्सी दुप्पट करून देतो म्हणणारं कसलंसं थेट प्रक्षेपण सुरू.

‘दादा, ओटीपी चालू होता रे माझा. कुणाला सांगितलाही नाही,’ तो फोनवर पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता.

‘फाइल कुठून घेतलीस?’

‘सर्चमधून. पहिलीच होती.’

त्या ‘पहिलीच होती’साठी हा लेख आहे. संगणक नुकताच हातात आलेल्यांसाठी लिहितोय, पण मुरलेल्यांनीही वाचायला हरकत नाही. २०२३ मध्ये विनएससीपी नावाच्या सॉफ्टवेअरच्या खोट्या जाहिराती निघाल्या होत्या आणि त्यांच्यामागे ब्लॅककॅट या खंडणीखोर टोळीचा माग लागला होता. विनएससीपी वापरतात ते सर्व्हर सांभाळणारे लोक, म्हणजे इतरांना ‘जपून क्लिक करा’ सांगणारेच.

आधी हे होतं कसं ते बघू

सर्चच्या पानावर वरच्या एकदोन ओळींवर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं. याचा अर्थ एवढाच, की या जागेचे कुणीतरी पैसे मोजलेत. जत्रेत देवळाच्या दारालगत गाळा लागला म्हणून पेढेवाला देवस्थानचा होत नाही, त्याने फक्त जागेचं भाडं भरलेलं असतं. गुगलच्या पानावर ही खूण वर्षांगणिक बदलत आली: कधी पिवळी चौकट, कधी हिरवी, मग काळ्या अक्षरांत ‘अ‍ॅड’, आणि २०२२ च्या ऑक्टोबरपासून ‘प्रायोजित’. डोळ्यांना एक खूण सवयीची होते न होते तोच दुसरी येते. त्यामुळे रंग लक्षात ठेवू नका, शब्द वाचा.

चोर काय करतो? व्हीएलसी, ओबीएस, ७-झिप, नोटपॅड++, ऑडॅसिटी, ब्लेंडर, एनीडेस्क अशी फुकट मिळणारी आणि खूप शोधली जाणारी नावं निवडतो. मूळ साइटसारखी हुबेहूब साइट उभी करतो आणि त्या नावाच्या शोधावर जाहिरात लावतो. २०२२ चा शेवट आणि २०२३ चा जानेवारी या काळात अशा जाहिरातींची लाटच आली होती. अमेरिकेच्या एफबीआयने २१ डिसेंबर २०२२ ला लोकांना जाहीर इशारा दिला आणि त्यात जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) वापरा, असा सल्लाही दिला. पोलीस खात्याने जाहिराती बंद करा म्हणणं, हे जरा वेगळंच.

‘कंपनी तपासत नाही का?’ हा पुढचा प्रश्न. तपासते. गुगलच्याच अहवालानुसार २०२४ मध्ये त्यांनी ५१० कोटी जाहिराती रोखल्या किंवा काढल्या आणि जाहिरातदारांची ३ कोटी ९२ लाख खाती निलंबित केली. तरी काही सुटतात, कारण चोर तपासनिसाला एक पान दाखवतो आणि गिऱ्हाइकाला दुसरं. वरून कीर्तन, आतून तमाशा. जाहिरातीवरून आलेला माणूस खरा आहे, विंडोजवर आहे, हव्या त्या देशातला आहे असं दिसलं तरच त्याला खोटं डाउनलोड पान दाखवायचं. बाकी सगळ्यांना बागकामावरचा एखादा निरुपद्रवी ब्लॉग.

हे मी स्वतः पाहिलं. मावसभावाने ब्राउझरच्या हिस्टरीतून तो पत्ता काढून मला पाठवला. मी उघडला तर तिथे स्ट्रीमिंगसाठी माइक कसा निवडावा यावर चार परिच्छेद होते. डाउनलोडचं बटणही नाही. क्षणभर मला वाटलं हाच काहीतरी विसरतोय. म्हणून ‘मी लिंक तपासली, ठीक दिसतेय’ असं कुणी सांगितलं, तर त्याने जे पाहिलं तेच तुम्हालाही दिसेल याची खात्री नाही.

आणि जाहिरातदाराचं खातं तरी चोराचं कुठे असतं? बऱ्याचदा तेही दुसऱ्या कुणाचं तरी चोरलेलं असतं. जानेवारी २०२५ मध्ये तर गुगलवर जाहिरात देण्याच्या पानाचीच खोटी जाहिरात गुगलवर सापडली होती. जाहिरातदार लॉगिन करायला जायचे आणि त्यांची खाती जायची. त्याच खात्यांवरून पुढच्या जाहिराती.

ओटीपी असून खातं कसं गेलं

त्या झिपमध्ये जे असतं त्याला इन्फोस्टीलर, म्हणजे माहिती चोरणारं सॉफ्टवेअर, म्हणतात. रेडलाइन, विडार, ऱ्हाडामँथिस, लुमा ही त्यातली गाजलेली नावं. हे आत शिरून मुक्काम ठोकतंच असं नाही. कित्येकदा मिनिटाभरात ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कुकी, क्रिप्टोची पाकिटं, टेलिग्रामचं चालू लॉगिन, डेस्कटॉपवरच्या फाइली गोळा करून पाठवून देतं आणि संपतं.

यात सगळ्यात मौल्यवान असते ती कुकी, म्हणजे ‘हा आधीच लॉगिन झालाय’ ही ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण. वॉटर पार्कला तिकीट काढलं की मनगटावर कागदी पट्टी बांधतात. नंतर दिवसभर कुणी तिकीट विचारत नाही, पट्टी पाहून आत सोडतात. पासवर्ड आणि ओटीपी म्हणजे तिकीट, कुकी म्हणजे ती पट्टी. चोराने पट्टीच कापून नेली. आत जाताना त्याला ओटीपी कुणी विचारलाच नाही.

पायरी १: मुळात उतरवायला हवंय का?

ही पायरी सगळे वगळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात कामाची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं निम्म्या वेळा होतं.

झिप उघडायची आहे? विंडोज ती कित्येक वर्षांपासून स्वतःच उघडतं. विंडोज ११ ला २०२३ च्या शेवटापासून रार आणि ७-झेड फाइलीही उघडता येतात. पीडीएफ वाचायचीय? एज आणि क्रोम दोन्ही वाचतात. स्क्रीन रेकॉर्ड करायचीय? विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये ती सोय आहे, विंडोज १० वर विंडोजची कळ आणि जी एकत्र दाबलं की गेम बार येतो, मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ५. मावसभावाला फक्त स्क्रीन आणि आवाज हवा होता. त्याचं काम स्निपिंग टूलवर भागलं असतं, हे आम्हाला नंतर कळलं.

आपल्याकडचा खास विषय म्हणजे मराठी टायपिंग. ‘मराठी टायपिंग सॉफ्टवेअर फ्री डाउनलोड’ हे शोधणाऱ्यांत शाळा-कॉलेजातली मुलं असतात, सेतू केंद्रवाले असतात, दिवाळी अंकाला कथा पाठवणाऱ्या आजीही असतात. गुगल इनपुट टूल्सचं विंडोजवर बसवायचं सॉफ्टवेअर गुगलने देणं कधीच बंद केलं. तरी ‘ऑफलाइन इन्स्टॉलर’ म्हणून ते भलभलत्या साइटींवर फिरतंय. त्याची गरजच नाही. २०१९ पासून विंडोज १० मध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आतच आहे आणि ११ मध्येही. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे भाषा जोडा, मराठी निवडा, मग मराठीच्या पर्यायांत जाऊन कीबोर्ड म्हणून ‘मराठी फोनेटिक’ घ्या. विंडोजची कळ आणि स्पेस दाबलं की इंग्रजीतून मराठीत. रोमन अक्षरांत ‘नमस्कार’ टाइप केलं की देवनागरीत उमटतं. कुठूनही काही उतरवायचं नाही.

विकतच्या मराठी सॉफ्टवेअरची ‘क्रॅक’, म्हणजे कुलूप तोडून फुकट केलेली प्रत, शोधत असाल तर त्याला माझ्याकडे पायरी नाही. तिथे चोराला जाहिरातीचा खर्चही करावा लागत नाही, लोक स्वतःच अँटिव्हायरस बंद करून येतात.

पायरी २: सर्च न करता पत्ता मिळवा

खरंच हवं असेल तर आधी पत्ता शोधा, फाइल नंतर.

पहिला पर्याय, विंडोजचं मायक्रोसॉफ्ट स्टोअर किंवा मॅकचं अ‍ॅप स्टोअर. व्हीएलसी आणि ओबीएस दोन्ही मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये आहेत. तिथेही नावाला नाव लावून बसलेले असतात, म्हणून नावाखाली प्रकाशक कोण ते वाचा. व्हीएलसीखाली ‘व्हिडिओलॅन’ असायला हवं.

दुसरा, विकिपीडिया. त्या सॉफ्टवेअरच्या लेखात उजव्या बाजूच्या चौकटीत शेवटी अधिकृत संकेतस्थळ दिलेलं असतं. विकिपीडिया कुणीही बदलू शकतो हे खरं, पण लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या पानांवर बऱ्याच जणांचा डोळा असतो आणि तिथे विकतची पहिली ओळ नसते.

तिसरा, सरळ पत्ता टाइप करणं. नेहमी लागणारे असे: व्हीएलसीसाठी व्हिडिओलॅन डॉट ओआरजी, ओबीएससाठी ओबीएसप्रोजेक्ट डॉट कॉम, ७-झिपसाठी अंक सात, मधली आडवी रेघ, झिप आणि डॉट ओआरजी, लिब्रेऑफिससाठी लिब्रेऑफिस डॉट ओआरजी, गिंपसाठी गिंप डॉट ओआरजी. ७-झिपमधली ती आडवी रेघ गाळू नका, आणि ‘डॉट ओआरजी’च्या जागी सवयीने ‘डॉट कॉम’ही नको. एक अक्षर हुकलं की तुम्ही दुसऱ्याच्या दारात. एकदा बरोबर पोहोचलात की लगेच बुकमार्क करा.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. २०२२ मध्ये फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत व्हिडिओलॅनची अधिकृत साइट भारतात उघडतच नव्हती, सरकारी आदेशाने बंद होती. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. मधल्या नऊ महिन्यांत ज्याला व्हीएलसी हवं होतं त्याच्यासाठी खरं दार बंद आणि आडवाटा सगळ्या उघड्या. ‘अमुक साइटवरून घे, तिथे मिळतं’ हे सल्ले त्या काळात मीही दिलेत. त्यातल्या काही सवयी आपल्याला अजून चिकटलेल्या आहेत. आता ती साइट उघडते, तेव्हा जुन्या आडवाटा सोडा.

प्रिंटरच्या ड्रायव्हरचंही तसंच. प्रिंटरच्या खोक्यावर किंवा सोबतच्या कागदावर कंपनीचा पत्ता छापलेला असतो, तो टाइप करा. ‘ड्रायव्हर’ शब्द सर्चमध्ये टाकलात की वरच्या ओळीत हमखास कुणीतरी मदतीचा फोन नंबर घेऊन बसलेला असतो, आणि तो उचलणारा तुमच्या लॅपटॉपवर दुरून ताबा मागतो.

पायरी ३: सर्च करावंच लागलं तर

‘प्रायोजित’ लिहिलेल्या ओळी सोडून खाली या. खरी कंपनीही कधीकधी स्वतःची जाहिरात लावते, म्हणून सगळ्याच जाहिराती खोट्या नसतात. पण खरी कंपनी खाली साध्या निकालातही असतेच. दोन इंच खाली सरकण्यात काही जात नाही.

जाहिरातीत दिसणाऱ्या पत्त्यावर भरवसा ठेवू नका, हे जरा ठासून सांगतो, कारण ‘मी पत्ता बघूनच क्लिक करतो’ म्हणणारे याच ठिकाणी फसतात. २०२२ च्या शरद ऋतूत गिंप या चित्रं-फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरच्या एका जाहिरातीत पत्ता अगदी बरोबर दिसत होता, गिंप डॉट ओआरजी. क्लिक केल्यावर माणूस पोहोचायचा ‘गिलिंप’ डॉट ओआरजीवर. जानेवारी २०२५ मध्ये मॅकवर इतर सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या होमब्रूचं असंच झालं: जाहिरातीत ‘ब्रू’चा खरा पत्ता, पोहोचल्यावर त्यात एक जादा ‘ई’. म्हणून पत्ता वाचायचा तो पान उघडल्यावर, ब्राउझरच्या वरच्या पट्टीत.

वाचायचा कसा? मराठी नावासारखा. आपलं घराणं कळतं ते शेवटच्या आडनावावरून. वेबच्या पत्त्यातही (सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’पुढच्या दोन रेघा सोडून) पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचे शेवटचे दोन तुकडे म्हणजे आडनाव; शेवटी ‘डॉट को डॉट इन’ किंवा ‘डॉट गव्ह डॉट इन’ असेल तर तीन. ‘ओबीएसप्रोजेक्ट डॉट कॉम’ हे एक घराणं. ‘ओबीएसप्रोजेक्ट डॉट कॉम डॉट अमुक-डाउनलोड डॉट टॉप’ हे पूर्ण वेगळं, हा माणूस ‘अमुक-डाउनलोड डॉट टॉप’ घराण्यातला आहे आणि पुढे ओबीएसचं नाव त्याने स्वतःच लावून घेतलंय.

एवढं करूनही एक जागा उरते. ऑक्टोबर २०२३ मध्ये कीपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची खोटी साइट निघाली. तिच्या पत्त्यातल्या ‘के’ या रोमन अक्षराच्या पायाशी स्वल्पविरामाएवढी शेपटी होती. आपण ज आणि ज़ मधला नुक्ता घाईत वाचताना जसा सोडून देतो, तसंच ते. स्क्रीनवर ती शेपटी धुळीच्या कणासारखी दिसत होती. डोळे कितीही चांगले असोत, यावर उपाय डोळ्यांत नाही. तो पायरी २ मध्ये आहे: पत्ता तुम्ही स्वतः टाइप केलात तर ती शेपटी येणारच कुठून?

जाहिरातीच्या शेजारचे तीन ठिपके दाबले की जाहिरातदाराचं नाव आणि देश दिसतो. ओबीएसची जाहिरात आणि पैसे भरणारा भलत्याच देशातला फर्निचर विक्रेता, असं दिसलं तर समजून घ्या. उलट मात्र खरं धरू नका. जुलै २०२४ मध्ये लॉगिनचे कोड देणाऱ्या गुगल ऑथेंटिकेटरची एक खोटी जाहिरात सापडली. तिच्यात पत्ता गुगलचाच दिसत होता आणि जाहिरातदाराची ओळख गुगलने पडताळलेली होती. फाइल ठेवली होती प्रोग्रामर आपलं काम ठेवतात त्या गिटहबवर, म्हणजे तीही भरवशाच्या जागी. गंमत अशी, की गुगल ऑथेंटिकेटर हे फोनचं अ‍ॅप आहे, विंडोजसाठी ते मुळात नाहीच. ज्याला एवढं माहीत होतं तो वाचला.

पायरी ४: फाइल आली, अजून उघडू नका

डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये जा. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, आणि तिथे फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर खूण करा, म्हणजे फाइलीचं शेपूट दिसेल. त्याशिवाय ‘पीडीएफ’ नावाची फाइल प्रत्यक्षात ‘ईएक्सई’, म्हणजे चालणारं सॉफ्टवेअर, आहे हे कळत नाही.

आकार पाहा. ७-झिपची खरी फाइल दीड एमबीच्या आसपास असते. तीच शेकडो एमबीची आली तर कशाने भरलीय? त्या ‘गिलिंप’वाल्या फाइलीत खरा ऐवज ५ एमबीचा होता, पण फुगवून ती ७०० एमबीची केली होती. दुहेरी फायदा: गिंप मोठं सॉफ्टवेअर असल्यामुळे कुणाला शंका येत नाही, आणि व्हायरसटोटल या तपासणीच्या साइटवर ६५० एमबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाहीत.

झिपला पासवर्ड आहे आणि पासवर्ड शेजारीच लिहून दिलाय? मग तो तुमच्यासाठी नाही, अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून आहे. अशी फाइल न उघडता पुसून टाका. कुठलंही प्रामाणिक फुकट सॉफ्टवेअर कुलूप लावून, वर किल्ली टांगून येत नाही.

मग फाइलीवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, आणि ‘डिजिटल सिग्नेचर्स’ नावाचा टॅब. व्हीएलसीच्या फाइलीवर व्हिडिओलॅनची सही दिसते. पण याचं स्तोम माजवू नका. ७-झिपची अस्सल फाइल वर्षानुवर्षं सहीशिवायच येत आली आहे आणि कीपासच्या त्या खोट्या फाइलीवर रीतसर सही होती. सहीत नाव भलत्याचंच असेल तर फाइल नक्की टाकून द्यायची, एवढाच तिचा उपयोग धरा.

जरा जास्त मुरलेल्यांसाठी: अधिकृत साइट फाइलीसोबत ‘एसएचए-२५६’ म्हणून लांबलचक आकडा देत असेल तर पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा देऊन तुमच्या फाइलीचा आकडा काढा आणि दोन्ही जुळवा. आकडा त्याच साइटवरून घेतला जिथून फाइल घेतली, आणि साइटच खोटी असेल, तर दोन्ही जुळतीलच. तेव्हा ही पायरी २ ची जागा घेत नाही.

पायरी ५: बसवताना

विंडोजने निळी पाटी दाखवून अडवलं, ‘विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी’ म्हणाला, तर थांबा. त्या पाटीत ‘मोअर इन्फो’वर दाबलं की ‘रन एनीवे’ येतं, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि तिथेच घात होतो. नवख्यांसाठी माझा नियम सोपा आहे: निळी पाटी आली की त्या दिवशी ते सॉफ्टवेअर बसवायचं नाही, कुणाला तरी दाखवायचं.

एखाद्या पानाने सांगितलं, की विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर, तर ते पान तत्काळ बंद करा. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ अशा बहाण्यानेही हे सांगतात. तुम्ही नुसतं क्लिक करताना पानाने तुमच्या क्लिपबोर्डमध्ये (कॉपी केलेला मजकूर राहतो तिथे) एक आज्ञा टाकलेली असते आणि ती तुमच्याच हाताने चालवून घेतात. होमब्रूवाल्या फसवणुकीत मॅकच्या टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, हेच झालं, आणि तिथे कुणाला संशयही आला नाही, कारण खरं होमब्रूसुद्धा टर्मिनलमध्ये आज्ञा चिकटवूनच बसवतात.

फाइल चालवली आणि काहीच झालं नाही, तर ‘लॅपटॉप जुना आहे’ म्हणून सोडून देऊ नका. खरं सॉफ्टवेअर निदान त्रुटीची पाटी तरी दाखवतं. काहीच न होणं म्हणजे बहुधा जे व्हायचं ते झालेलं असतं.

पायरी ६: चालवून बसलात तर

इथे क्रम महत्त्वाचा. मावसभावाने घाबरून त्याच लॅपटॉपवर बसून सगळे पासवर्ड बदलले, म्हणजे नवे पासवर्डही चोराच्या डोळ्यांदेखत टाइप केले.

आधी त्या लॅपटॉपचं वायफाय बंद. मग फोनवरून किंवा घरातल्या दुसऱ्या संगणकावरून कामाला लागा. पहिला ईमेल, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या तिथेच येतात. पासवर्ड बदला आणि लगेच सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा, म्हणजे ती मनगटावरची पट्टी रद्द होईल. रिकव्हरीचा फोन आणि ईमेल तुमचाच आहे ना, आलेली पत्रं परस्पर दुसरीकडे पाठवायचा नियम कुणी लावलाय का, हे पाहा. मग नेटबँकिंग, मग बाकीची खाती. फोनवर व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन तो लॅपटॉप काढून टाका, टेलिग्राममध्येही तेच.

डेस्कटॉपवर ‘पासवर्ड’ नावाची एक्सेल फाइल होती? असतेच. त्यात लिहिलेलं सगळं गेलं असं धरून चाला.

पैसे गेले असतील तर १९३० ला फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगायच्या आत अडवता आली तर आली. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवर नोंदवता येते, पैसे गेले नसले तरीही. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, स्क्रीनशॉट आणि शक्य असेल तर त्या खोट्या साइटचा पत्ता हाताशी ठेवा. अमेरिकेतल्या वाचकांसाठी हेच काम आयसी३ डॉट गव्ह करतं.

लॅपटॉपचं काय? सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र फुकट तपासणीची साधनं देतं, ती चालवून बघायला हरकत नाही. पण माझं मत विचाराल तर फोटो आणि कागदपत्रं बाजूला काढून विंडोज नव्याने टाका. साफ झालंय की नाही या शंकेत महिनाभर राहण्यापेक्षा एक रविवार गेलेला परवडतो.

घरातल्या मोठ्यांचा लॅपटॉप

जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन घाला, म्हणजे ती पहिली ओळ दिसणारच नाही. मी यूब्लॉक ओरिजिन वापरतो. क्रोमवर आता त्याची ‘लाइट’ आवृत्ती चालते, फायरफॉक्सवर पूर्ण. ते ब्राउझरच्या एक्स्टेंशन दालनातूनच घ्या आणि ‘ओरिजिन’ हा शब्द आहे ना ते पाहा, कारण नुसत्या ‘यूब्लॉक’ नावाने दुसरंच काही मिळतं. जाहिराती अडवणाऱ्याच्या नावाखाली फसणं म्हणजे फारच.

रोजच्या वापराला अ‍ॅडमिन नसलेलं साधं खातं द्या. मात्र त्याने पासवर्डची चोरी थांबत नाही. इन्फोस्टीलरला अ‍ॅडमिनचा अधिकार लागतच नाही, तुम्ही जे वाचू शकता ते तोही वाचू शकतो. त्यामुळे बँकेचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नका.

चॅनल त्याला परत मिळालं, अकरा दिवसांनी, जुन्या व्हिडिओंसकट. मी एका रविवारी साताऱ्याला जाऊन विंडोज नव्याने टाकलं आणि लॅपटॉपच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली: ओबीएस, व्हीएलसी, ७-झिप, लिब्रेऑफिस, प्रत्येकापुढे टपोऱ्या अक्षरांत पत्ता. पुढच्या वेळी गेलो तेव्हा चिठ्ठी जागेवरच होती. खाली मावशीने वेगळ्या शाईत गॅसवाल्याचा नंबर लिहून ठेवला होता.